खापरवाडीच्या मोरीवर गाडी तापते

चंद्रभागाबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. हिंगोलीहून सकाळी नांदेडला जाणाऱ्या गाडीत ती माझ्या शेजारी, खिडकीशी बसली होती. मांडीवर भुशात ठेवलेल्या अंड्यांची टोपली. कळमनुरी मागं पडली आणि थोड्या वेळानं या बाईनं काही न बोलता दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. धुळीनं भरलेल्या टाचा थेट माझ्या पांढऱ्या साडीला लागल्या. ती साडी मी पहाटे तांब्यात निखारे घालून, एकेक घडी दाबून तयार केलेली होती. मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

"अहो मावशी, ही एस्टी आहे, तुमच्या घरची ओसरी नाही. पाय खाली घ्या."

"जरा तकलीफ सोसा बाई. एवढी खापरवाडी जाऊ द्या, मंग घेते खाली."

"का? खापरवाडीत पूर आलाय?"

आजूबाजूचे लोक हसले. ती हसली नाही. ती खिडकीला चेहरा लावून बाहेर बघत होती. गाडी खापरवाडीच्या फाट्यावर क्षणभर थांबली. रस्त्याकडेला एक तरुण पोरगी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उभी होती. दोघींची नजरानजर झाली, चंद्रभागाबाईनं खिडकीतून एक फडकं खाली टाकलं, पोरीनं ते झेललं आणि कंडक्टरनं घंटी मारली. बराच रस्ता गेल्यावर तिनं पाय खाली सोडले आणि माझ्या साडीवरची धूळ आपल्या पदरानं झटकली. त्यानं ती जास्तच पसरली.

मी आखाडा बाळापूरच्या शाळेत शिकवते. घर हिंगोलीला. म्हाताऱ्या आईला सोडून बाळापूरला खोली करणं जमत नाही, म्हणून रोज अप-डाउन. त्या वेळी मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या गाडीचा ड्रायव्हर शेषराव आणि कंडक्टर तातेराव ठरलेले. प्रवासीही बरेचसे ठरलेलेच. पण हिंगोलीचा बाजार सोडून अंडी विकायला बाळापूरला जाणारी ही एकटीच. सेनगावकडच्या एका वाडीवरून ती आधी हिंगोलीला यायची आणि मग आमची गाडी धरायची. इतक्या लांब अंडी नेण्यात काय शहाणपण आहे, असं मी पुढच्या बाजारच्या दिवशी तिला विचारलं. माझी जीभ अशीच आहे, नको तिथं पुढं जाते. पण त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं.

मोळी घेऊन उभी राहणारी पोरगी तिची एकुलती लेक, अनुसया. लग्न दुष्काळ सरता सरता झालं. चंद्रभागाबाईचा नवरा मल्हारी हा धनगर. त्याची मेंढरं दुष्काळात निम्मी गेली होती, पण ताठा कमी झालेला नव्हता. लग्नात व्याह्याला, म्हणजे नामाजीला, बसायला काळं घोंगडं अंथरलं. कुणीतरी नामाजीच्या कानाला लागलं की या घोंगड्यावर काल कुत्रं निजलं होतं. नामाजी उठून उभा राहिला. मल्हारीनं तिथंच हात जोडले असते आणि दुसरं घोंगडं मागवलं असतं, तर विषय संपला असता. पण मल्हारीला भलत्या वेळी विनोद सुचला.

"आमचं कुत्रं लई चिकित्सक हाय पाव्हणं," तो म्हणाला, "कुठंबी बसत न्हाई."

मांडव खो खो हसला आणि नामाजीनं डोक्यात राख घालून घेतली. शब्दानं शब्द वाढला. मल्हारीनं देवापुढच्या हळदीची, भंडाऱ्याची, मूठ उचलली आणि सगळ्यांसमोर बोलला, आमच्या घरचं माणूस तुमच्या शिवाराच्या मातीला पाय लावणार न्हाई. नामाजीनं त्याच ताटातला भंडारा उचलला. आमची सून तुमच्या मातीला पाय लावणार न्हाई. त्या लोकांत भंडारा उचलून बोललेला शब्द मोडत नाहीत. नवरी तेव्हा हळदीच्या अंगानं बाजूलाच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मला हे ऐकून संताप आला. आमच्या घरातले देव माझ्या बापानं छप्पन सालीच गाठोड्यात बांधून कयाधूच्या पाण्यात सोडले. तेव्हापासून आमच्याकडं शपथ घ्यायची तर हात कशावर ठेवायचा, असा प्रश्न आहे. त्यामुळं लोकांच्या शपथांचं मला नवल वाटतं आणि रागही येतो.

"दोन म्हाताऱ्यांच्या मिशांपायी पोरीचं माहेर तुटलं," मी म्हटलं. "मोडून टाका की ती शपथ. कोण काय करतंय?"

"भंडारा हाय, बाई. मोडला तर मला न्हाई लागायचा. पोरीच्या संसाराला लागंल."

 

लग्नानंतर पहिला दिवाळसण असाच गेला. अनुसया आली नाही. चंद्रभागाबाई रोज शेरडांमागं हिंडायची आणि शेरडांशीच बोलायची. मग एकदा मल्हारी जेवता जेवता ताटाकडं बघत म्हणाला, "एस्टी सरकारची आसती. ना ह्या गावची ना त्या गावची. तिच्यात बसलेल्या माणसाचा पाय पत्र्यावर आसतो, मातीवर न्हाई." एवढंच बोलून तो उठला आणि मेंढरांकडं गेला. दुसऱ्याच बाजाराला ही अंड्यांची टोपली घेऊन आमच्या गाडीत. पण गाडीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की खापरवाडीची माणसं चपलांना तिथली माती घेऊन गाडीत चढतात आणि ती माती पत्र्यावर सांडते. म्हणून ते शिवार आल्यापासून जाईपर्यंत ती पाय वर घेऊन बसायची.

त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी बसताना साडी आवरून घ्यायला लागले. पाय खाली घ्या म्हणाले नाही.

एका बाजाराला अनुसयाला उशीर झाला. गाडी फाट्यावर थांबली तेव्हा ती लांब बांधावरून पळत येताना दिसत होती. उतरणारे उतरले, घंटी झाली, गाडी निघाली. चंद्रभागाबाईच्या हातात पुरणपोळीचं फडकं तसंच राहिलं. ती रडली वगैरे नाही. फडक्याची गाठ सोडली, परत बांधली, परत सोडली. बाळापूर येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं. मला ते बघवेना. उतरताना मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

"अहो शेषराव, उन्हाचे दिवस आहेत. तुमची गाडी कधी तापत नाही का हो?"

"न्हाई बाई, बराबर हाय गाडी."

"तापवा की जरा. खापरवाडीच्या मोरीपाशी तापली तर खाली पाणीही आहे."

शेषराव माझ्याकडं बघत राहिला. मिश्यांचा, जाडजूड माणूस. प्रवाशांवर सतत खेकसणारा. त्यानं गिअर टाकला आणि गाडी काढली. पण पुढच्या बाजाराला खापरवाडीच्या मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर, त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि मोठ्यानं ओरडला, "गाडी तापली! तात्या, पाणी आण!" तातेराव डबा घेऊन ओढ्यात उतरला आणि असा रमतगमत परतला की तेवढ्यात विहीर खणून झाली असती.

मग ते ठरूनच गेलं. शेषराव गाडी मोरीच्या कठड्याला लागून उभी करायचा. अनुसया कठड्यावर खिडकीकडं पाठ करून बसायची. चंद्रभागाबाई खिडकीतून हात बाहेर काढून तिची वेणी सोडायची, तेल लावायची, फणी फिरवायची. अंड्यांची टोपली तेवढ्यापुरती माझ्या मांडीवर. दोघी हळू आवाजात बोलत राहायच्या. शेळी व्याली, शेजारची भागाबाई पडली, तुझं तांबडं लुगडं उंदरांनी कुरतडलं. असलंच काहीतरी. ज्या गोष्टी घरात बसून बोलताना माणूस अर्धवट ऐकतो, त्या ती पोरगी मान न हलवता ऐकत असायची.

तुम्ही म्हणाल, पोरगी गाडीत चढून आईजवळ का बसत नव्हती? शेषरावानं नाही म्हटलं नसतं. पण सासरी नांदणारी सून एस्टीची पायरी चढली, की गाव म्हणणार निघाली माहेरी. म्हणून ती कठड्यावर आणि आई खिडकीत. मोरीपलीकडंच नामाजीचं शेत. गाडी तापली की तो आमच्याकडं पाठ करून बैलांवर उगाच ओरडत राहायचा. त्याला सगळं दिसत होतं. पण शपथेत वेणीबद्दल काही बोलणं झालेलं नव्हतं.

गाडीतल्या लोकांनाही सगळं कळत होतं. नवा प्रवासी कुरकुरला तर जुने त्यालाच गप्प करायचे. पौषातल्या थंडीत, लोक कानाला मफलर गुंडाळून बसलेले असतानाही, शेषराव ओरडायचा, "गाडी तापली!" आमच्यात एक बागवान होते, पेरूच्या पाट्या घेऊन जायचे. ते म्हणायचे, "क्या शेषराव, तुम्हारी गाडी को थंडी में बी बुखार आता क्या?" आणि एक पेरू कठड्यावरच्या पोरीकडं टाकायचे. मला शाळेत पोहोचायला बाजारच्या दिवशी हमखास उशीर व्हायचा. हेडमास्तरांना मी सांगायची, गाडी तापली. ते खोटंही नव्हतं.

मग अनुसयाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. चंद्रभागाबाईला एवढं एकच पाहिजे होतं. पोरगी घरी यावी, आपल्या हातची पेज तिनं प्यावी, आपण तिच्या बाजेखाली शेगडी ठेवावी, तिच्या लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालावं. दर बाजाराला ती मला तेच सांगायची. बाज कुठं टाकायची, आडोसा कशाचा करायचा, न्हाणीचा दगड कसा घासून ठेवलाय. कुठली मेंढी कापायची नाही, तिचं दूध राखायचं, हेही ठरलेलं होतं. मल्हारीनं वाडीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना नामाजीकडं धाडलं. नामाजी म्हणाला, त्यानं आधी मोडावा. मल्हारी म्हणाला, त्यानं आधी मोडावा. या दोघांना एका दावणीला बांधून चार दिवस उपाशी ठेवावं, असं मला वाटे, आणि मी तसं गाडीत मोठ्यानं बोलूनही दाखवलं होतं.

अनुसया सासरीच बाळंत झाली. तिचं कठड्यावर येणं त्याआधीच थांबलं होतं. तरी चंद्रभागाबाई दर बाजाराला येत राहिली आणि शेषराव रिकाम्या कठड्याला गाडी लावत राहिला. मग एकदा ओढ्यावर धुणं धुणारी एक बाई वर बघून ओरडली, "पोरगी झाली वो, चंद्रभागाबाई! नाकीडोळी तुमच्यावानी!" चंद्रभागाबाईनं कनवटीचा गूळ काढला आणि सगळ्या गाडीत खडा खडा वाटला.  मी मात्र त्या दिवशी वर्गातल्या एकाही पोराला मारलं नाही.

सव्वा महिना झाला, आणि अनुसया लेकरू घेऊन मोरीवर आली. पांढरीफटक पडली होती. चंद्रभागाबाईनं नवं दुपटं आणलं होतं, टोपडं आणलं होतं. अनुसयानं कठड्यावर उभं राहून लेकरू खिडकीतून आत दिलं. आपल्याकडं गर्दीत पोरं खिडकीतूनच आत घेतात, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. मग सवयीनं ती पाठ करून बसली. चंद्रभागाबाई एका हातानं मांडीवरचं लेकरू धरून दुसऱ्या हातानं केस विंचरायला लागली. ते काही जमेना. मी म्हटलं, लेकराला माझ्याकडं द्या. तिनं दिलं नाही.

अर्धी वेणी झाली होती, तेवढ्यात मागून कापसाचा ट्रक आला. मोरी अरुंद, आमच्या गाडीनं वाट अडवलेली. ट्रकवाल्यानं भोंग्यावर हात ठेवला तो काढीचना. शेषरावानं वैतागून इंजिन चालू केलं आणि गाडी पुढं काढली. लेकरू आत आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. ट्रकवाला मागंच लागलेला, म्हणून त्यानं वेग घेतला. तातेराव पार पुढं तिकिटं फाडत होता. मागून अनुसयाची किंकाळी ऐकू आली.

मी चंद्रभागाबाईकडं बघितलं. तिनं लेकराला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं होतं. वरून पदर घेतला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. पाय खाली, पत्र्यावर टेकलेले. वर घ्यायचं तिला भानच नव्हतं. मागं तिची ओली बाळंतीण लेक रस्त्यावरून धावत होती, आणि ही गाडीत हू नाही की चू नाही. मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि मी सीटवर चढून घंटीची दोरी अशी ओढली की ती माझ्या हातातच यायची राहिली.

गाडी थांबली. ट्रक शिव्या देत बाजूनं निघून गेला. अनुसया येऊन पोहोचली तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. अर्धी वेणी सुटून केस पाठीवर आले होते. ती थेट पायरी चढून आत आली आणि आईशेजारी बसली. मी आधीच उठून जागा केली होती.

"माय," ती म्हणाली, "आता मी उतरत न्हाई. मीबी येते. चल, घरी चल."

 बागवान एवढंच म्हणाले, "बैठने दो बच्ची को." तातेराव तिकिटाला आला नाही. शेषराव खाली उतरून बॉनेट उघडून उभा राहिला. मला वाटलं, सुटली. भंडारा गेला ओढ्यात. जाऊ दे आता या पोरीला आईच्या घरी.

चंद्रभागाबाईनं लेकरू मांडीवर ठेवलं. अनुसयाचं तोंड धरून पलीकडं वळवलं, आणि राहिलेली वेणी घालायला घेतली. सावकाश, एकेक पेड ओढून. शेवटाला लोकरीचा गोंडा बांधला. मग म्हणाली, "उतर."

"माय!"

"उतर. आसं आलेलीला लोक माहेरवाशीण म्हनत न्हाईत, पळून आलेली म्हनतेत. तुला मी चार दिस ठिवून घेईन, आन् पुढं? ह्या लेकराचा बाप तिकडं ऱ्हाईल. तुझ्या सासऱ्याला तेवढंच निमित्त पायजे." तिचा आवाज फुटला, पण थांबली नाही. "तुला न्यायला मी बैलगाडी घिऊन येईन तवा ये. वाजत गाजत ये. आज उतर."

अनुसया आईकडं बघत राहिली. चंद्रभागाबाईनं लेकराच्या गालाला गाल लावला, दुपटं नीट गुंडाळलं आणि ते तिच्या ओटीत दिलं. पोरगी उतरली. मागं न बघता मोरीकडं चालत गेली.

बाळापूर जवळ आलं तेव्हा चंद्रभागाबाई बोलली.

"बाई, दोरी तुमी वढली?"

"हो."

"म्या वरडले न्हाई."

"बघितलं मी."

"पोटची पोरगी मागं पळून राहिली, मला आयकू येऊन राहिलं होतं समदं. तरी वाटत होतं, चालू दे गाडी. अशीच चालू दे. थांबू नये कुठं." तिनं टोपलीतल्या अंड्यांवर भुसा सारखा केला. "आता मला ह्या गाडीत बसायचं न्हाई. पुढच्या बारीला लेकरू मांडीवर आलं, तर मी देणार न्हाई परत. मला माझा भरवसा न्हाई राहिला."

मी तिला समजावलं. रागावले. आजी आहात की चोर आहात, असंही बोलले. ती नुसती मान हलवत राहिली. आणि खरोखरच त्यानंतर ती आमच्या गाडीत कधी चढली नाही. अंडी हिंगोलीच्याच बाजारात विकायला लागली.

मल्हारी मोडला नाही, नामाजी मोडला नाही. शेषरावची गाडी मात्र तापत राहिली. अनुसया आता सकाळी शेतात असते, म्हणून ती संध्याकाळच्या परतीच्या गाडीला येते. कठड्यावर उभी राहून लेकराला खिडकीतून माझ्याकडं देते. मी त्या पोरीला मांडीवर घेऊन बसते. मला लेकरांची फारशी हौस नाही, रोज वर्गभर पुरेशी असतात. पण ही मला ओळखायला लागलीय. चष्मा ओढते. दात येतायत तिला. अनुसयानं आईला सांगायच्या गोष्टी मी ऐकून घेते, आणि तिच्या आईनं सांगितलेल्या तिला सांगते.

बाजार उठला की चंद्रभागाबाई हिंगोलीच्या स्टँडवर माझी वाट बघत थांबलेली असते. तिची सेनगावची गाडी लागलेली असली तरी आमची येईपर्यंत ती तिच्यात बसत नाही. मी उतरले की विचारते, केवढी झाली? बसती का? कुणासारखी हसती? मी जमेल तसं सांगते. पण मला सांगता येत नाही. लेकराचं वजन कसं सांगायचं माणसाला?

परवा त्या पोरीनं माझ्या मांडीवरच कार्यक्रम उरकला. इस्त्रीची साडी, पदर पार ओला. मी चडफडत स्टँडवर उतरले आणि चंद्रभागाबाईला म्हटलं, बघा तुमच्या नातीचे प्रताप. तिनं माझा तो ओला पदर हातात घेतला. दोन्ही हातांनी उचलला आणि भर स्टँडवर, सगळ्या लोकांसमोर, तोंडावर धरला.

"मावशी, सोडा," मी म्हटलं. "मुतलीय ती त्यावर."

"व्हय," ती पदरातूनच म्हणाली.

तिकडं सेनगावच्या गाडीची घंटी झाली. कंडक्टर तिला नावानं हाका मारत होता. तिनं पदर सोडला नाही, आणि मीही ओढला नाही.